खुशी कोणाची

आंजेलिनचा उजवा पाय कापायचा की नाही, हे ठरवायला रविवारी चर्चमधली मिसा आटोपल्यावर फर्नांडिसांच्या घरात सगळे जमले. सगळे म्हणजे मोठी पाचच माणसं. आंजेलिनचा नवरा बस्त्याव गेल्यापासून ह्या घरात सगळे म्हणजे एवढेच.

आंजेलिन पडवीत आपल्या लाकडी खुर्चीवर बसली होती. पाय समोरच्या स्टुलावर होता. सून विनीताने सकाळीच नवी पट्टी बांधली होती, तरी एक गोडसर कुजका वास हवेत होता आणि तो कोणी बोलून दाखवत नव्हतं. बोटं काळी पडून आठवडा झाला होता. साखरेचा आजार जुना, जखम चार महिन्यांची. गुरुवारी डॉक्टरने तपासलं आणि घोट्याच्या बऱ्याच वर, पोटरीवर बोटाने आडवी रेघ ओढून दाखवली. इथून. आणि लवकर.

लुर्दीन मुंबईहून पहाटेच पोचली होती. आंजेलिनची ही थोरली लेक चोवीस वर्षं नर्स होती, आता एका मोठ्या रुग्णालयात वॉर्डाची इन्चार्ज. वाटेत गाडीतच तिने सगळं ठरवून टाकलं होतं.

"मंगळवारी ऑपरेशन," ती म्हणाली. "माज्याच हॉस्पिटलात. बेड सांगान ठेवलंय. ॲम्ब्युलन्स उद्या सकाळी सातांक दारात येतली."

"कोणाचा ऑपरेशन?" आंजेलिनने विचारलं.

"माय, मस्करी नको."

"मी खंय मस्करी करतंय? बेड सांगलंस, ॲम्ब्युलन्स सांगलंस. पाय कोणाचो? माका विचारलंस?"

"आता विचारतंय."

"मगे आता सांगतंय. मी पाय कापूक देवचंय नाय. देवान माका दोन पाय देवन धाडल्यान. एक पाय हॉस्पिटलात ठेवन तेका काय तोंड दाखवू?"

दुसऱ्या कुठल्या वेळी लुर्दीन हसली असती. आज तिला हसू आलं नाही. वॉर्डात असे पाय तिने किती पाहिले होते, आणि 'नको' म्हणणाऱ्यांचं पुढे काय होतं तेही.

"माय, ह्या असाच रवाचा नाय. विष वर चढतला."

"चढांदे. तेची खुशी आसात तर जगतलंय, नाय तर जातलंय. मी सगळा तेच्या हातात दिलंय."

"देवाच्या हातात दिलंस, तर डॉक्टराच्या हातात देवक काय झाला?"

"ती नको म्हणता तर रवांदे गो," पावलू म्हणाला.

लुर्दीनने वळून भावाकडे पाहिलं. पावलू तिच्याहून तीन वर्षांनी लहान. खाडीत होडी घालायचा, मासे विकायचा, आणि लहानपणापासून कुठल्याही भांडणात बहिणीच्या बाजूला येऊन उभा राहायचा. बापाने मुंबईला जायला नाही म्हटलं होतं, तेव्हा तिची पेटी रातोरात एस्टी स्टँडवर नेऊन ठेवणारा हाच.

"पावलू, आज विष घोट्यात आसा. चार दिवसांनी मांडयेत जातला. मगे पाय नाय, माणूस जाता. समाजलं?"

"समाजलंय."

"तरी?"

"तरी नको." तो खाली बघून बोलला आणि पडवीची पायरी उतरून माडाखाली जाऊन उभा राहिला.

आता एकच आधार होता. सिस्टर कार्मेल, बस्त्यावची मोठी बहीण. पन्नास वर्षं मठात काढलेली ही आते सत्त्याहत्तर वर्षांची होती आणि भावजयीच्या आजाराचं कळल्यावर काठी टेकत आली होती. ती म्हणेल ते आंजेलिन टाळत नसे.

"आते, तू तरी सांग हिका."

सिस्टर कार्मेलने हातातली जपमाळ मांडीवर ठेवली. "आंजेलिन, माका एक सांग. पाय कापूचो नाय, ह्या तुका देवान सांगल्यान?"

"देव माज्याशी बोलूक मी काय संत लागान गेलंय?"

"मगे ही खुशी कोणाची?"

आंजेलिन म्हणाली, "सिस्टर, तुमी शिकलेली माणसां. माका कोड्यात घालू नकात." आणि खुर्चीचे हात धरून ती स्वतःच उठली. लुर्दीन धरायला धावली तर तिने कोपराने तिचा हात बाजूला सारला. एका पायावर जोर देत, भिंतीला धरत ती आत गेली.

दाराशी विनीता उभी होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

*

विनीता शिरोड्याची, हिंदू घरातली. तिचं आणि पावलूचं लग्न अकरा वर्षांपूर्वी रजिस्टर पद्धतीने झालं, आणि त्या लग्नाला आंजेलिन आली नव्हती. दोन वर्षांनी तन्वी झाली, तेव्हा बस्त्याव स्वतः रिक्षा घेऊन गेला आणि सुनेला नि नातीला घरी घेऊन आला. त्यानंतर आंजेलिन विनीताला कधी वाकडा शब्द बोलली नाही. तिच्या देवाला नावं ठेवली नाहीत, तिला कपेलात, गावच्या छोट्या चर्चमध्ये, ये म्हटलं नाही. पण स्वतःला करता येईल असं एकही काम तिने सुनेला कधी करू दिलं नाही. स्वतःची साडी स्वतः धुवायची, ताप आला तर स्वतःच काढा उकळायची. विनीताला वाटायचं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना निदान उत्तर देता येतं.

पायाच्या पट्टीचं तेवढं वेगळं होतं, कारण आंजेलिनला वाकता येत नव्हतं. चार महिने रोज दोनदा ती पाय पुढे करायची आणि तोंड भिंतीकडे वळवायची.

तन्वीला चार दिवसांसाठी आजोळी धाडलं होतं. दुपारचं घर शांत होतं. विनीताने गरम पाणी, कापूस, मलम घेतलं आणि खाटेशी बसली. लुर्दीनने फोनवर सांगितल्याप्रमाणे गुरुवारी तिने लाल झालेल्या कातडीच्या कडेने पेनाने रेष आखली होती. आज लाली रेषेच्या पलीकडे गेली होती.

"खंय पोचला?" आंजेलिनने भिंतीकडे बघतच विचारलं.

"दोन बोटां वर."

"लुर्दीनीक सांगू नको."

"सांगाक होया, माय."

आंजेलिनच्या अंगात ताप होता, कपाळावर घाम. विनीताने पू पुसून काढला.

"पाय गेलो," आंजेलिन एकदम म्हणाली, "तर माका न्हाणयेत कोण नेतला?"

"मी."

"संडासाक?"

"मीच. दुसरा कोण आसा?"

"ताच तर," आंजेलिन म्हणाली. "ताच माका नको."

विनीताचा हात थांबला. कापूस तिने ताटलीत ठेवला.

"म्हंजे ही देवाची खुशी नाय. तुमका माजो हात नको म्हणान तुमी मराक तयार झाल्यात."

"तसा नाय गो."

"मगे कसा? तुमी गेल्यार लोक म्हणतले, देवाची मर्जी. पण माका माहीत रवतला. मी तन्वीक काय सांगू? आजयेक माज्या हातान न्हावचा नव्हता, म्हणान ती गेली?"

इतकी वाक्यं ह्या घरात ती सासूसमोर सलग कधी बोलली नव्हती. तिलाच धाप लागली. आंजेलिनने तोंड वळवलं आणि सुनेकडे सरळ बघितलं.

"तुजोच हात नाय," ती सावकाश म्हणाली. "कोणाचोच नको. मी एकोणीस वर्षांची ह्या घरात इलंय तेव्हा माजी सासू हातरुणात होती. पाच वर्षां. तिचा सगळा मी केलंय. रोज सकाळी रडायची. म्हणायची, आंजेलिन, माका मरण कित्याक येना नाय? तेव्हाच मी मनात ठरवलंय. कोणाच्या हातात असा पडान रवाचा नाय. पडाच्या आधी जावचा."

"तिचा करताना तुमका कंटाळो यायचो?"

"कधी कधी यायचो. खोटा कित्याक सांगू." ती थोडी थांबली. "पण बरा पण वाटायचा. न्हावन झाली की तिका झोप लागायची, ल्हान चेडवासारखी. तिच्या बाजूक बसान मी तांदूळ निवडायचंय. घरात माका कोणी विचारीत नव्हता त्या टायमाक. तीच एकटी माजी वाट बघायची."

"मगे ता बरा वाटणा माका कित्याक नको?"

विनीताने पुन्हा कापूस उचलला.

"पयल्यांदा तुमच्या तेर्साच्या प्रार्थनेक बसलंय ना," ती जरा वेळाने म्हणाली, "तेव्हा तुमी सगळी म्हणत होत्यात, तुजी खुशी जांव. माका वाटला, ही लोकां देवाक सांगतत, बाबा, तू खुश हो. मागणां सगळीच मागतत, ही मात्र देवाची खुशी मागतत. माका खूप बरा वाटला. मगे तुमच्या झिलान सांगल्यान, खुशी म्हंजे देवाची इच्छा. तो सांगेल त्याप्रमाणे होवंदे, असो अर्थ."

"तोच अर्थ आसा."

"आसात. माका पयलोच आवडलो."

आंजेलिनच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या. पट्टी पुरी होईपर्यंत ती सुनेच्या बोटांकडे बघत होती.

*

पावलू खाडीच्या काठाला होडीत बसला होता. हातात जाळं होतं, पण दुरुस्त काहीच होत नव्हतं. पलीकडे गोव्याचा किनारा, मधे पूल. उन्हं कलली होती. मागे काठीचा आवाज आला तेव्हा त्याने वळूनही पाहिलं नाही.

"आते, तू कित्याक इलंस ता माका माहीत आसा."

"मगे माजा काम सोपा झाला," सिस्टर कार्मेल म्हणाली आणि काठावरच्या दगडावर बसली. "आवशीचो पाय तुका इतको लाडको आसा?"

"तिनाच नको म्हटल्यान."

"ती नको म्हणता ता माका कळला. तू कित्याक म्हणतंस?"

पावलूने जाळं बाजूला टाकलं. मग त्याने सांगून टाकलं. सहा वर्षांपूर्वी बस्त्यावच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा लुर्दीन मुंबईत होती. आंजेलिन म्हणाली, झीला, तू कर सही. त्याने केली. कागद वाचलासुद्धा नाही. आत नेताना बापाने हात वर करून त्याला 'जा, चा पिवन ये' म्हणून खूण केली. तो चहा पिऊन आला, आणि तासाभराने डॉक्टर बाहेर आले.

"माज्या सहीन बापूस गेलो, आते. आता आवशीच्या कागदार मी सही करूचंय नाय. ती देवाची खुशी म्हणता, माका ता बरा पडला. माका काय करूक नको."

म्हातारीने त्याला बोलून घेऊ दिलं. मग म्हणाली, "मी तेची मोठी भयण. मी तुका सांगतंय. बस्त्याव पोटातल्या रोगान गेलो. तुज्या सहीत इतको जोर नाय, झीला."

सहा वर्षांत हे पावलूने कोणाला सांगितलं नव्हतं, विनीतालाही नाही. आणि म्हातारीने ते एका वाक्यात त्याच्या हातातून काढून घेतलं. त्याने डोळ्यांवरून बाही फिरवली.

"माजी गोष्ट सांगू?" सिस्टर म्हणाली. "मठात गेलंय ती शिकवक मिळतला म्हणान. माका शाळा होयी होती, पोरां होयी होती. वरच्यांनी माका धाडल्यानी घाटावर, कुष्ठरोग्यांच्या आश्रमात. दोन वर्षां मी रोज तुजी खुशी जांव म्हणायचंय आणि मनात दात खायचंय. देवाक मी घर दिलंय, लग्न दिलंय, डोक्याचे केस दिलंय. जा देवक सोपा होता, ता सगळा. शाळा तेवढी लपवन ठेवलंय. तेनी तीच मागल्यान."

"मगे दिलंस?"

"मी खंय दिलंय? एके दिवशी एका बायेच्या जखमा धुत होतंय, आणि ध्यानात इला, आज सकाळपासून शाळेची आठवणच येवक नाय. कधी सुटली ता माका कळाक नाय. तेका मी थँक्यू म्हटलंय आणि खूप रडलंय."

पावलूला हसू आलं. देवाला थँक्यू म्हणणारी आते त्याने लहानपणापासून पाहिलेली होती.

"जेजू क्रिस्ताचो शिष्य पेद्रूय तुज्यासारखोच," ती उठता उठता म्हणाली. "मासे धरणारो, आणि भितरो. जेजून तेका सांगल्यान, तरणो होतंस तेव्हा आपली कंबर आपण बांधून मनाक येय थय गेलंस. म्हातारो होशीत तेव्हा दुसरो तुजी कंबर बांधतलो आणि तुका नको थय नेतलो."

"ह्या मायक सांग."

"मायक माहीत आसा. मी ह्या तुका सांगतंय. तिका उचलान नेवक कोणीतरी होयो ना?"

*

संध्याकाळी सातला तेर्स सुरू झाला. घरच्या वेदीपुढे मेणबत्ती लावून जपमाळेची ही प्रार्थना फर्नांडिसांच्या घरात कधी चुकली नव्हती, आणि सासू गेल्यापासून ती नेहमी आंजेलिनच सांगायची. आज ती गुडघे टेकू शकत नव्हती. खुर्चीवर बसूनच तिने सुरुवात केली. बाकीचे खाली चटईवर. विनीता नेहमीप्रमाणे दाराशी, पाय पोटाशी घेऊन.

पहिल्या 'आमच्या बापा'मध्येच आंजेलिन अडकली. 'तुजी खुशी' एवढं म्हणाली आणि थांबली.

लुर्दीनला वाटलं, चक्कर आली. ती उठू लागली, पण सिस्टर कार्मेलने तिच्या हातावर हात ठेवला.

आंजेलिनला चक्कर आली नव्हती. तिला एवढंच जाणवलं होतं, की हे शब्द तिने पन्नास वर्षं म्हटले ते सगळं होऊन गेल्यावर. पहिलं मूल जन्मतःच गेलं तेव्हा म्हटले. वादळात होडी फुटली तेव्हा म्हटले. बस्त्यावला मातीत ठेवलं त्या संध्याकाळीही, ह्याच खुर्चीशेजारी गुडघे टेकून, आवाज न कापता म्हटले. तेव्हा लोकांनी तिच्या विश्वासाचं कौतुक केलं होतं. पण जे झालं ते झालंच होतं. तिने नाही म्हटलं असतं तरी बस्त्याव परत येणार नव्हता. आज पहिल्यांदा कोणीतरी आधी विचारत होतं. आणि तिने आपलं उत्तर ठरवून, त्यावर देवाचं नाव घालून, सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

पाय द्यायला ती तयार झाली असती एकवेळ. पाय काय, तो तर गेलाच होता. तिच्या मुठीत होतं ते दुसरंच. मी कोणाच्या हातात जाणार नाही, हे. सासूच्या खाटेशी बसून वयाच्या विसाव्या वर्षी ठरवलेलं. ते तिने एकदाही देवापुढे ठेवलं नव्हतं, कारण तो ते मागेल अशी तिला आतून कायम भीती होती.

दाराशी विनीता मान खाली घालून बसली होती. तिचे ओठ हलत होते. तिला सगळी प्रार्थना पाठ होती, हे आंजेलिनने आज पाहिलं.

"जांव," आंजेलिन म्हणाली. आवाज चिरका आला. तिने घसा साफ केला आणि पुढे सुरू केलं. तेर्स शेवटपर्यंत तिनेच सांगितला.

मेणबत्ती विझवल्यावर ती म्हणाली, "पावलू, उद्याक गाडी सांग."

"ॲम्ब्युलन्स सांगलेली आसा, माय," लुर्दीन घाईने म्हणाली. "सातांक..."

"मुंबयक नाय. गोव्याक जाऊया. पूल ओलांडलो की दोन तास. आणि माज्या वांगडा विनीता रवतली."

लुर्दीनचा चेहरा उतरला.

"माय, माज्या हाताखाली पन्नास नर्सेस आसत. थय तुजा सगळा मी बघतलंय. हिका काय माहीत?"

"म्हणानच. थय तू इन्चार्ज. तू सगळ्यांका हुकूम सोडतलंस, आणि मी तुका." आंजेलिनने लेकीचा हात धरला. "तू माज्यासारखी आसस बाय. माका आता माज्यासारखा कोण जवळ नको."

लुर्दीन उठून मागच्या दारी गेली. विहिरीच्या कठड्याला टेकून उभी राहिली. चोवीस वर्षं तिने परक्यांचे आईबाप सांभाळले होते. तेव्हा प्रत्येक वेळी मनात यायचं, माझ्या आईची वेळ येईल तेव्हा मी असेन. ती वेळ आली, आणि आईने बोट दुसरीकडे दाखवलं. तिला राग आला, मग रागाचीच लाज वाटली. आई तयार झाली होती. सकाळी देवाकडे तिने एवढंच मागितलं होतं. कुठल्या रुग्णालयात, कोणाच्या हातून, हे तिने स्वतःच त्यात घातलं होतं.

मागे पावलं वाजली. विनीता होती. "ताई, काय काय करूक होया ता माका सांगा. मी लिवन घेतंय."

लुर्दीनने तिच्याकडे पाहिलं. मग खांद्याच्या पिशवीतून तिने आईची फाईल काढली. मुंबईच्या डॉक्टरांची नावं, साखरेचे आकडे, औषधांच्या वेळा, सगळं तिने रात्रभर गाडीत बसून लिहिलेलं. देताना तिच्या बोटांनी फाईल क्षणभर सोडली नाही. मग सोडली.

"जेवणाच्या आधी साखर तपासतले. तू जवळ रव. ती दुखता म्हणाची नाय, तोंडार बघान ओळखाचा लागतला."

"ता माका कळता," विनीता म्हणाली. "चार म्हयने बघतंय."

*

सोमवारी सकाळी पावलूने आईला खुर्चीवरून उचललं. ती एवढी हलकी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. आंजेलिनने जन्मात पहिल्यांदा कोणाच्या गळ्यात असे हात टाकले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. दोघं काही बोलली नाहीत. गाडीत बसवताना तिच्या पदराचं टोक दारात अडकलं, ते विनीताने सोडवलं.

रुग्णालयात पुढे कागद आला तेव्हा पावलूने तो सगळा वाचला, मग सही केली. डॉक्टर म्हणाले, गुडघा वाचवायचा प्रयत्न करू, शब्द देता येणार नाही. "तुमी करा," आंजेलिन त्यांना म्हणाली. "माजा बोलणा काल झाला."

गुडघा वाचला नाही.

मंगळवारी दुपारी तिने डोळे उघडले तेव्हा खाटेशी लुर्दीन आणि विनीता दोघी होत्या. चादर जिथे संपायला नको तिथे सपाट झाली होती. आंजेलिनने बघितलं.

"गुडघो?"

"नाय, माय," विनीता म्हणाली. सांगायचं काम तिनेच घेतलं होतं.

आंजेलिनच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर उतरलं. मग म्हणाली, "मगे आता देवाक बसानच भेटाक होया. तेका काय वाईट वाटाचा नाय ना?"

लुर्दीन रडता रडता हसली.

"पावलू खंय?"

तो दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होता. आत यायचा धीर होत नव्हता. लुर्दीनने त्याला ओढून आणलं.

"असो लांब कित्याक रवतंस?" आंजेलिन म्हणाली. "तू सही केलंस म्हणान मी तुका बघतंय. हय ये."

पावलूने खाली बसून तिच्या हातावर कपाळ टेकलं.

पुढचे दिवस सोपे नव्हते. नसलेला पाय रात्रंदिवस ठणकायचा. तिसऱ्या दिवशी विनीताने तिला पहिल्यांदा अंग पुसायला घेतलं, तेव्हा आंजेलिन मोठ्याने रडली. सासू रडायची तशीच. विनीताने घाई केली नाही, समजूतही घातली नाही. रडणं थांबेपर्यंत ओला पंचा हातात धरून उभी राहिली आणि मग पाठीपासून सुरुवात केली. पुसून झाल्यावर आंजेलिनला झोप लागली, सलग तीन तास. उठल्यावर ती म्हणाली, "किती वर्षांनी दुपारची झोपलंय गो." त्या दिवसापासून सकाळी उठल्याबरोबर ती हात जोडून एकेकाचं नाव घेऊ लागली. लुर्दीनचं, पावलूचं, सिस्टरचं, तन्वीचं, डॉक्टरांचं, झाडूवालीचं, आणि पाणी गरम करून येणाऱ्या विनीताचं. मागणं काहीच नसायचं. नुसती नावं घ्यायची आणि 'देव बरें करूं' म्हणून आभार मानायची.

बाराव्या दिवशी शेजारच्या खाटेवर तळेऱ्यापलीकडच्या गावातून काशीबाई नावाची बाई आली. शेतीभातीतली, आंजेलिनपेक्षा थोडी लहान. तिचाही पाय, तिचंही नाही. मुलगा अजय समजावून थकला आणि बाहेर जाऊन बसला. काशीबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"विनीता," आंजेलिन म्हणाली, "माका त्या खुर्येत बसव आणि तिच्याकडे व्हर."

विनीताने तिला काखेतून धरून उचललं, चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि खाटेशी नेलं. आंजेलिन काही न बोलता बसून राहिली. शेवटी काशीबाईनेच मान वळवली. तिची नजर चादरीखालच्या रिकाम्या जागेवर गेली.

"दुखता?" तिने विचारलं.

"दुखता. रात्री जास्त."

"मगे कित्याक केलंस?"

आंजेलिनने विचार केला. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण ह्या बाईचा देव वेगळा, दुःख तेच.

"मी पण नायच म्हणत होतंय. खूप जणांनी समजावल्यानी, कोणाचा आयकलंय नाय."

"मगे?"

"मगे दमलंय. नाय म्हणान म्हणान दमलंय गो. व्हय म्हटलंय आणि तेव्हा कळला, मी किती दमलेलंय ता."

काशीबाईचे डोळे भरून आले तसे तिने ते पदराने पुसले. मग आंजेलिनच्या खांद्यावरून विनीताकडे मान करून तिने विचारलं, "ही कोण तुजी?"

"सून. हात हलको आसा तिचो," आंजेलिन म्हणाली. "तुजी पट्टी सोडूक सांगू तिका?"

काशीबाईने चादर बाजूला सारली आणि पाय पुढे केला.